नैसर्गिक झीज

श्रावण लागला की सगळ्यांच्या मोबाईलवर डोंगरांचे फोटो फिरायला लागतात. हिरवेगार डोंगर, त्यांच्या अंगावरून सांडणारं पांढरं पाणी, खाली दोन गोड ओळी. शाळेतल्या बायका ते फोटो मला पाठवतात आणि म्हणतात, मॅडम, तुम्ही तर भूगोलाच्या, तुम्हाला किती आवडत असेल हे सगळं. मी मान हलवते. खरं म्हणजे मला संताप येतो. अंगावर वीतभर गवत उगवलं की डोंगर सुखरूप आहे असं लोकांना वाटतं. त्याची मागची बाजू कुणी बघत नाही.

याही वर्षी नागपंचमीच्या आधी नानाचा फोन आला. नाना माझा थोरला भाऊ. धुळ्याहून साक्रीकडे जाताना रस्ता सोडून थोडं आत गेलं की आमचं गाव लागतं, तिथे तो शेती करतो. मी राहते जळगावात, पिंप्राळ्याला, आणि शिकवायला रोज गाडीने अमळनेरला जाते. नाना फोनवर आधी पाऊसपाण्याचं बोलला, मग कापसाचं, आणि मग जरा थांबून म्हणाला, "ताई, रविवारले कानबाईना रोट शेतस. येशी ना?"

त्या "येशी ना"च्या आधी तो का थांबतो ते मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. कानबाईच्या सणाला येते म्हणाले आणि फोन ठेवला. इतके श्रावण उलटले, तरी राग तसाच आहे. माझे यजमान म्हणतात, आता सोड, काळ सगळ्याची धार घालवतो. ही काळाची भलामण मला ऐकवत नाही. काळ काय करतो आणि काय करत नाही, हे शिकवण्यातच माझी नोकरीची वर्षं गेली आहेत.

आमच्या गावामागे एक डोंगर आहे. डोंगर म्हणायचा म्हणून; खरं तर ती एक भिंत आहे. काळ्या दगडाची, जमिनीतून उभी निघालेली, शेतं-नाले ओलांडत सरळ रेषेत लांब गेलेली. धुळ्याच्या त्या सगळ्या पट्ट्यात अशा भिंती आहेत. गावातले लोक सांगत, राक्षसांनी एका रात्रीत बांधायला घेतली आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धी सोडून पळाले. लहानपणी मला ते पटायचं, कारण दगड खरोखर रचल्यासारखे दिसत. पुढे कॉलेजात कळलं की हे राक्षसाचं काम नाही. फार जुन्या काळी इथली जमीन फाटली, त्या फटीत खालून तापलेला रस शिरला आणि आतच गोठला. आजूबाजूच्या खडकापेक्षा तो टणक निघाला. मग ऊन आलं, पाऊस आला, वारा आला. आजूबाजूचा मऊ खडक कणाकणाने झिजून गेला, आणि आतला टणक दगड तेवढा उभा राहिला. म्हणजे भिंत कुणी बांधलीच नव्हती. तिच्या भोवतीचं सगळं वाहून गेलं होतं.

मला ही गोष्ट राक्षसांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी वाटली. अजूनही वाटते.

उन्हाळ्यात आम्ही अंगणात खाटा टाकायचो. दिवसभर तापलेला डोंगर दिवेलागणीला निवायला लागायचा, आणि एखाद्या संध्याकाळी वरून टक् असा आवाज यायचा. सुपारी फुटावी तसा. आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, "दगडनी आंग मोकळं कयं." दिवसा फुगायचं, रात्री आकसायचं, असं करता करता दगडाला केसासारखी चीर जाते. त्या चिरेत पावसाचं पाणी बसतं. पाण्याबरोबर माती येते, मातीत कुठलंतरी बी पडतं, त्याचं मूळ चीर रुंद करतं. दगडाचा वरचा थर लालसर होतो, नखाने निघेल इतका भुसभुशीत. कांद्याच्या पापुद्र्यासारखे एकाखाली एक थर सुटत जातात आणि आत एक गोल, गुळगुळीत गोटा उरतो. सुटलेल्या थराचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, माती पावसाबरोबर उतरते आणि आमच्या वावरात येऊन बसते. ज्या काळीत नाना कापूस लावतो, ती काळी म्हणजे झिजलेला डोंगरच. पुस्तकात याला विदारण म्हणतात. सैल झालेलं उताराने खाली येतं त्याला विस्तृत झीज म्हणतात. नववीच्या मुलांना मी हे दरवर्षी शिकवते, आणि कितीही वेळा शिकवलं तरी मला त्याचा कंटाळा आलेला नाही. घाईचं नावसुद्धा नसलेलं असं काम दुसरं कुठलं आहे? एक मूठ माती व्हायला किती पिढ्या जातात. आणि ती मूठ कुणालाही न दुखवता तयार होते.

मग भिंतीच्या पलीकडच्या अंगाला क्रशर आला.

रस्त्याचं काम निघालं होतं, खडी हवी होती. कुणीतरी परवाना आणला. गावात त्याला सगळे शेठ म्हणायचे. वागायला चांगला माणूस. मंदिराच्या ओट्याला फरशी बसवून दिली, लग्नाकार्याला पाण्याचे टँकर पाठवले, गावातली चार पोरं कामाला लावली. त्यातच नानाचा मुलगा भूषण डंपर चालवायला लागला. डंपर जायचे आमच्याच वावराच्या बांधावरून, कारण तोच रस्ता जवळचा होता. नानाने हरकत घेतली नाही. उलट पोरगा डोळ्यांसमोर राहतो म्हणून त्याला बरंच वाटलं.

मी सुटीत गेले की अंगणातून डोंगर तसाच दिसायचा. आमच्या बाजूने काहीच कळत नव्हतं. दुपारी सुरुंगाचा आवाज यायचा, घराची पत्र्याची पडवी थरथरायची, आणि थोड्या वेळाने तुळशीच्या पानांवर पिठासारखी धूळ बसायची. वहिनी, नानाची बायको, रोज सकाळी ती पानं पुसायची. एकदा ती मला म्हणाली, "ताई, आते डोंगर पोकळ वाजस." मला वाटलं, आवाज घुमतो त्याबद्दल म्हणते आहे.

त्या वर्षीचा श्रावण. कानबाई दोन दिवसांवर आली होती. आमच्या खानदेशात ही मोठी देवी. रविवारी नारळाला नथ, डोळे, वस्त्र चढवून तिची स्थापना करायची, रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. गव्हाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, म्हणून सुरतेला गेलेले, नाशिकला गेलेले, सगळे घरी येतात. घर सारवून, रंगवून झालं होतं. वहिनीने पुरणाची डाळ निवडून ठेवली होती. पाऊस होता, पण श्रावणातला, येऊन-जाऊन असणारा. दुपारी पलीकडे सुरुंग उडाला. पावसाळ्यात खोदकाम बंद ठेवायचं असतं, पण खडीची निकड होती म्हणे. सुरुंगानंतर थोड्या वेळाने वहिनी गाईला चारा टाकायला मागच्या गोठ्यात गेली.

वरून दगड आला. गोठ्याचा पत्रा, दावण, गाय, सगळं एका घावात खाली गेलं. वहिनीचा उजवा हात कोपरापर्यंत दगडाखाली राहिला.

मी शाळेत होते. भूषणचा फोन आला तेव्हा आधी मला काही समजेचना, कारण तो नुसता "माय, माय" म्हणत होता. त्याची आई, म्हणजे माझी वहिनी, हे लक्षात यायला वेळ लागला. पहारी लावून माणसांनी दगड हलवला होता. शेठने स्वतःच्या गाडीत घालून तिला धुळ्याला दवाखान्यात नेलं होतं. मी पोचले तेव्हा डॉक्टरांनी हात कोपरावरून काढलेला होता. नाना दाराशी भिंतीला टेकून उभा होता. घरातला निळा रंग अजून त्याच्या नखांत होता. शेठही तिथेच होता. चहा आणायला माणसं पाठवत होता, डॉक्टरांशी बोलत होता. त्याने मला हात जोडले आणि म्हणाला, "देवाची करणी, ताई. आपण काय करणार?"

वहिनीला शुद्ध आली तेव्हा तिने पहिल्यांदा गाईचं विचारलं.

पंचनाम्याच्या दिवशी मी गावात होते. जिल्ह्याच्या कार्यालयातून पाहणीसाठी माणूस येणार होता. जीप थांबली, आणि तीतून जो उतरला त्याला मी लगेच ओळखलं. निखिल. अमळनेरच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला. भूगोलात तो खरंच हुशार होता. उत्तरं पाठ करून लिहायचा नाही, समजून लिहायचा. एकदा तर सहलीला गेलो असताना त्याने नाल्यातून सोललेला गोटा शोधून आणला होता आणि पोरांना स्वतःच समजावून सांगत बसला होता. त्याला बघून मला धीर आला. मनात म्हटलं, चला, ज्याला दगड कळतो असा माणूस आला.

"मॅडम, तुम्ही इथे?" तो म्हणाला.

"हे माझ्या भावाचं घर," मी सांगितलं.

भुरभुर पाऊस होता. मी त्याला मागे घेऊन गेले. गाय उचलून नेली होती, पण दगड तिथेच होता, गोठ्याच्या जागी बसलेला, बैलगाडीएवढा. त्याच्या एका बाजूला तपकिरी साल होती, शेवाळ होतं, दगडफुलाचे पांढरट डाग होते. ती जुनी बाजू, वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाल्लेली. दुसरी बाजू निळसर काळी, धारदार, नुकती फुटलेली. आणि त्या बाजूवर वरून खाली एक सरळ, गोल पन्हळ होती.

"निखिल, ही बाजू बघ," मी म्हणाले. "किती दिवसांची वाटते?"

तो उकिडवा बसला. अंगठा फिरवून बघितला. शाळेत बसायचा तसाच बसला होता, एक भुवई वर करून. "ताजी आहे, मॅडम."

"आणि ही पन्हळ? ही पाण्याने पडली?"

"नाही. ड्रिलची आहे. सुरुंग भरायच्या भोकाची."

"वर चल. वरचं दाखवते."

आम्ही दोघं निसरड्या गवतातून वर चढलो. भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे पाहिलं. आमच्या अंगणातून हिरवा दिसणारा डोंगर तिकडून अर्धा कापलेला होता. भाकरीचा तुकडा मोडावा तसा. खाली खड्ड्यात गढूळ पाणी साचलं होतं, त्यात एक यंत्र उभं होतं. आमच्या बाजूचा उतार आता नुसत्या कवचासारखा उरला होता, आणि त्या कवचात बोट घालता येईल एवढ्या नव्या चिरा गेल्या होत्या. वहिनी पोकळ म्हणाली होती ते हे.

"दिसतंय ना तुला?" मी विचारलं.

"दिसतंय, मॅडम." मग खाली साचलेल्या पाण्याकडे बघत तो म्हणाला, "पाऊसही होता ना पण त्या दिवशी."

त्याच्या अहवालात आलं, सततच्या पावसामुळे व नैसर्गिक झीज होऊन खडक सैल झाल्याने दुर्घटना घडली.

नैसर्गिक झीज. मी ते वाचलं तेव्हा आधी विश्वास बसला नाही. मी त्याला फोन लावला. तो नम्रपणे बोलला. आवाजही चढवला नाही. "मॅडम, झीज सतत चालूच असते, हे तुम्हीच शिकवलंय आम्हाला. मी खोटं काहीच लिहिलेलं नाही."

त्या वाक्याने मी जितकी पेटले तितकी आयुष्यात कधी पेटले नसेन. शिवी दिली असती तर चाललं असतं. माझाच शब्द माझ्या घराच्या छपरावर आणून टाकला होता त्याने. जो शब्द मी मुलांना हातात दगड देऊन, साल सोलून, वास घ्यायला लावून शिकवला, तो यांना झाकण म्हणून सापडला. सुरुंगावर घालायचं झाकण. पावसाने गेल्या लाखो वर्षांत आमच्या घरावर एवढा एक दगड टाकला नव्हता. तो आपला कणाकणाने माती उतरवत होता, आम्हाला पोसत होता. आणि दोन उन्हाळ्यांत जो डोंगर खाऊन टाकला, त्याचा आळ त्या पावसावर? ज्यांना निसर्गाची एरवी आठवणही होत नाही, त्यांना कुणाचं रक्त सांडलं की बरोबर निसर्ग आठवतो.

मी तक्रार केली. मोठ्या साहेबांसमोर धुळ्याला सुनावणी लागली. दगडाचे फोटो नेले, पन्हळीचे नेले, वरून काढलेले नेले. साहेबांनी फोटो बघितले आणि नानाला विचारलं, "दगड पडला त्याच्या आधी सुरुंगाचा आवाज आला होता का?"

नाना खाली बघत म्हणाला, "नाही साहेब. आवाज काही ऐकला नाही."

मी त्याच्या शेजारीच बसले होते. त्याच्या सदऱ्याची बाही माझ्या हाताला लागत होती. ज्या सुरुंगाने पडवी थरथरली, तो सगळ्या गावाने ऐकला होता. त्या खोलीत नंतर काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. बाहेर येऊन आम्ही एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. तिथे रसवंतीच्या बाकावर मी त्याला विचारलं, का.

"आते कसाले उकरी काढस, ताई?" नाना म्हणाला. "दवाखानामा कोन लई गयं? शेठच ना? पोऱ्या त्यानाच डंपरवर शे. मी तोंड उघाडू, ते गावमा ऱ्हाऊ कसा?"

"हात तुना नही गया, नाना," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठला आणि साक्रीच्या गाडीत जाऊन बसला. मी जळगावची गाडी धरली. त्यानंतर कित्येक महिने आम्ही बोललो नाही. भाऊबीजेची कुंकवाची पुडी मी पोस्टाने पाठवली. तेवढी मात्र चुकवली नाही.

रागाबद्दल लोक मला खूप काही सांगतात. तो वाईट असतो, तब्येत बिघडवतो, विसरावं, माफ करावं. सांगणारे बहुतेक जण धडधाकट असतात. वहिनीने मला यातलं काही कधी सांगितलं नाही. ती डाव्या हाताने शिकत होती. डाव्या हाताने पाणी काढायला, डाव्या हाताने भाकरी थापायला, केस विंचरायला. भाकरी एकाच अंगाला जाड व्हायची. ती मोडून ती पुन्हा थापायची. अहवालाचं मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा तिने मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "पाऊस ते दरसाल येस, ताई. दरसाल काय दगड पडतस?"

पावसाळा संपला, माझी तक्रारही निकालात निघाली. दिवाळीनंतर पलीकडे पुन्हा यंत्रं सुरू झाली, बांधावरून पुन्हा डंपर जायला लागले, आणि भूषणही कामावर जायला लागला. थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. पुढचं मला भूषणनेच सांगितलं.

ज्या वावराच्या बांधावरून डंपर जात, ते वावर वहिनीच्या नावावर होतं. नानाने कधीतरी कुठल्याशा योजनेसाठी ते तिच्या नावावर केलं होतं आणि मग विसरून गेला होता. वहिनी विसरली नव्हती. एका सकाळी ती एकटीच उठून गेली. बाभळीच्या वाळल्या फांद्या तिने एका हाताने ओढत आणल्या, बांधाच्या तोंडाशी रचल्या आणि त्यांच्यामागे मातीत बसून राहिली. पहिला डंपर आला तो भूषणचा.

तो खाली उतरला. "माय, बाजूले व्हय."

"वावर मना नाववर शे," वहिनी म्हणाली. "गाडी मांगे ले."

"शेठ काय म्हनी?"

"त्याले म्हन, माले येईसन सांग."

भूषण म्हणाला, आत्या, ती चिडलेली नव्हती. आवाज नेहमीचाच होता. पण तिच्या हाताला काटे लागून रक्त येत होतं, आणि ते पुसायला तिला दुसरा हात नव्हता. मी चाकाशी उभा होतो आणि मला ते दिसत होतं. मग मी गाडीत बसलो आणि पार रस्त्यापर्यंत उलटी नेली.

त्याच दिवशी त्याने किल्ली परत केली. आता तो रावेरकडे केळीच्या गाड्या चालवतो. शेठ वहिनीला भेटायला आला, गोड बोलला. नंतर दुसरी माणसं आली, ती तितकं गोड बोलली नाहीत. वहिनी रोज सकाळी जाऊन बसायची. एकदा पहाटे कुणीतरी काट्या उचलून नाल्यात फेकल्या. वहिनी पोचली तेव्हा नाना नाल्यात उतरलेला होता. एकेक फांदी खांद्यावर घेऊन वर आणत होता, पुन्हा जागेवर रचत होता. दोघं शेजारी बसले.

हे ऐकलं आणि मी नानाला फोन केला. दोघंही पावसापाण्याचं बोललो.

ही गोष्ट इथे संपली असती तर मीही आज ती समाधानाने सांगितली असती. पण शेठने पलीकडच्या गावातून दुसरा रस्ता काढला. लांबचा, पण पक्का. डंपर तिकडून जायला लागले. आमचा बांध वाचला. डोंगर वाचला नाही.

यंदा रोटांना गेले ते हे सगळं माहीत असूनच. घर भरलेलं होतं. बायका चुलीशी, पुरण शिजतंय, लाल भोपळ्याच्या भाजीचा वास, पोरं नारळाच्या देवीचे डोळे कसे लावतात ते बघायला दाटी करून बसलेली. वहिनी परातीशी होती. कणीक एका हाताने मळत होती, आणि तिची चुलत जाऊ समोर बसून परात धरत होती. मी सगळ्यांच्या शेवटी पोचले होते; मला बघून वहिनी म्हणाली, "ये ताई. बठ्ठा उनात, तूच ऱ्हायनी व्हती."

गोठा आता घराच्या पुढच्या अंगाला बांधला आहे. मी मागच्या अंगणात गेले. तिथून डोंगर दिसायचा तिथे आता मधोमध खिंड आहे. तिच्यातून पलीकडच्या गावाचा मोबाईलचा टॉवर दिसतो. पूर्वी श्रावणातला वारा भिंतीवरून जायचा, खाली घरात त्याचा नुसता आवाज यायचा. आता तो थेट येतो आणि दोरीवरचे कपडे ओढून नेतो. भिंतीच्या अंगाला असलेली आमची विहीर होळीपर्यंत पाणी द्यायची. जमिनीखालीही त्या भिंतीने पाणी अडवून धरलेलं होतं, ते आता कुठे जातं कोण जाणे. नाना माझ्यामागे येऊन उभा राहिला. मी काहीतरी म्हणेन असं त्याला वाटत होतं. मग तोच म्हणाला, "आवाज उनता, ताई. त्या रोज. मी आयका व्हता."

"माले माहीत शे," मी म्हणाले.

त्याच्यावरचा माझा राग तिथे उतरला, हे खरं आहे. ज्याचं सगळं त्या डोंगराखाली होतं त्याची जीभ का लुळी पडली, ते मला कळतं. पण राग उतरला म्हणजे सरला असं नाही. तो ज्याच्या त्याच्याकडे जाऊन बसला.

परवा शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. मांडव घातला होता, जुने शिक्षक खुर्च्यांवर बसवले होते, मुलं रांगेने येऊन नमस्कार करत होती. कुणी दुकानदार झालेलं, कुणी डॉक्टर, कुणी दुबईला. निखिलही आला होता. त्याला बढती मिळाली आहे. सूत्रसंचालकाने त्याचं नाव घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या. रांगेतून तो माझ्यापाशी आला, हसला आणि पायाशी वाकला.

मी पाय मागे घेतले.

त्याचा हात मध्येच राहिला. मागच्या रांगेतली माणसं बघत होती. तो हळूच सरळ झाला आणि अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, माझं काही चुकलं का?"

"नाही," मी म्हणाले. "ज्याला दिसत नाही त्याचं चुकतं. तुला दिसलं होतं."

शेजारच्या बाईंनी माझा दंड दाबला. निखिल तिथेच उभा होता, आणि त्याच्यामागची रांग थांबलेली होती.